भाव ठरवणारं गाव

प्रिय बेटा,

ग्रामसभेने तुला वनव्यवस्थापन समितीची सचिव केलं आणि हिशेबाच्या वह्या तुझ्या हवाली केल्या, हे ताईने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात काळजी होती. "पोरगी बी.कॉम. झाली आणि आता जंगलात बांबू मोजत बसणार," असं म्हणाली. मला मात्र फार आनंद झाला. मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "मामा, गावाने धंदा करावा का? व्यापार व्यापाऱ्याने करायचा, कारभार सरकारने करायचा, असंच आम्ही शिकलो." त्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

माझी उमर बँकेत कर्जाची प्रकरणं वाचण्यात गेली, तेव्हा पैशाच्या वाटेवरूनच सुरुवात करतो. आपल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. बांबू, तेंदू, मोह, हिरडा, चारोळी, सगळं इथलं. तरी बँकेत आमच्यासमोर जे कर्जदार येत, त्यांच्या उत्पन्नाच्या रकान्यात धान आणि मजुरी एवढंच लिहिलेलं असे. जंगलाचा पैसा त्या रकान्यात दिसायचाच नाही, कारण तो गावात थांबत नव्हता. या पट्ट्यातला बांबू कित्येक दशकं करारावर बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे. सरकारला स्वामित्वधन, कारखान्याला कच्चा माल, आणि ज्यांच्या शिवारालगत तो बांबू उभा होता त्यांना तोडणीची मजुरी. मजुरी ही घरात येते आणि मिठा-मिरचीत, औषधात, लग्नाच्या कर्जात संपते. तिच्यातून गावाची विहीर होत नाही, गोदाम होत नाही, पुढच्या हंगामाचं भांडवल होत नाही. मजुरी देऊन वर जे उरतं, ते कोणाच्या खात्यात जमा होतं, यावर गावाची अर्थव्यवस्था वाढते की नुसती तग धरते, हे ठरतं. गावाने धंदा करावा तो या वरच्या रकमेसाठी, आणि तिचं काय करायचं हे ठरवण्याच्या हक्कासाठी.

धानोऱ्याच्या रस्त्यावरचं मेंढा (लेखा) तू पाहिलंस. शंभरेक घरांचं गोंड वस्तीचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुला पाठ आहे, पण त्या घोषणेमागची वर्षं लोक विसरतात. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना विरोध झाला, त्यातून हे गाव बोलतं झालं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहायचं, ही रीत तिथे रुजली. मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायची सवय लागली, अडल्यानडल्याला त्यातूनच उसने पैसे मिळू लागले, सावकाराची पायरी सुटली. हे सारं बांबूचा एक रुपयाही गावाच्या खात्यात येण्याच्या कितीतरी आधीचं. मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक तू वाचलं नसशील तर आधी ते वाच, माझं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

मग वनहक्क कायदा आला, २००६चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्काचा कागद हाती आल्यावरही बांबू विकता येईना. १९२७च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत बसवलं होतं आणि वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात. वनखातं जुना कायदा दाखवी, गाव नवा. आणि वाहतूक परवाना, ज्याला आपण सगळे टीपी म्हणतो, तो वनखात्याच्या हातात. टीपीशिवाय बांबू गावाबाहेर नेला की तो चोरीचा माल. म्हणजे मालक झालेल्या गावाला माल विकण्याची सोय नव्हती. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलं. पुढच्या वर्षी, २०१२च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. आज तुझ्या टेबलाच्या खणात जे पुस्तक आहे, त्याच्या मागे हा इतिहास आहे. ते पुस्तक कुलपात ठेव आणि त्याच्या प्रत्येक पानाचा हिशेब ठेव. कोरं सही केलेलं पान कोणालाही, अगदी अध्यक्षालाही, देऊ नकोस.

आता धंद्याचं बोलतो. बांबू तोडणं हे बाहेरच्याला सोपं वाटतं. बेटात शिरलं की बाहेरच्या कडेची काठी हाताशी येते, आणि बाहेरच्या कडेलाच कोवळी पिढी उभी असते. पहिल्या वर्षाच्या काठीवर खपल्यांसारखी साल अजून चिकटलेली असते, हाताला कूस लागते. ती तोडायची नाही. दुसऱ्या वर्षाचीही नाही. पिकलेली काठी आत, बेटाच्या मध्यावर असते, आणि तिथवर पोचायला वाकून, काटक्या बाजूला सारून, अंग ओरबाडून घ्यावं लागतं. बुंध्यापासून पहिल्या पेराच्या वर, तिरका, स्वच्छ घाव घालायचा. चेचून तोडलं की पाणी साचतं आणि बेट कुजायला लागतं. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, जमिनीतून वर येत असतात. ज्याला नगावर पैसे मिळतात आणि पुढच्या वर्षी या जंगलात यायचंच नाही, तो कडेची काठी तोडून मोकळा होईल. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचा हिशेब तेवढाच आहे. ज्याच्या गावाला तीन-चार वर्षांनी त्याच कूपात, म्हणजे तोडीच्या त्याच पट्ट्यात, पुन्हा यायचं आहे, तो आत शिरेल. माझ्या मते गावाच्या मालकीचा सगळ्यात मोठा आर्थिक फायदा इथे आहे, आणि तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. भांडवल शाबूत राहतं.

पण हे आपोआप होत नाही. गावातलाच माणूसही घाईत कडेची काठी तोडतो. म्हणून तोडीच्या दिवसांत तुमच्या समितीतले दोघे रोज कूपात फिरले पाहिजेत, आणि चुकीची तोड दिसली तर त्या दिवशीच, त्या माणसासमोर, त्याच्या नगांतून ती वजा झाली पाहिजे. नंतर बैठकीत काढलेली तक्रार भांडण होते.

संध्याकाळची मोजणी तू स्वतः कर. लांब बांबू वेगळे, तुकड्यांचे बंडल वेगळे. मोजलेल्या थप्पीवर गेरूने आकडा लिहायचा आणि तोच आकडा त्या माणसाच्या कार्डावर, तोच तुझ्या वहीत. तीन ठिकाणी एकच आकडा. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, खात्यात. नवरा-बायको दोघे राबले तर दोघांच्या खात्यात वेगवेगळी. हा मुद्दा ग्रामसभेत काही पुरुषांना खटकेल. खटकू दे. बाईच्या नावावर पैसा आला की तो घरात वेगळ्या कामांना लागतो, हे मी बँकेच्या काउंटरवर पाहिलेलं आहे, कोणाचं पुस्तक वाचून सांगत नाही.

मजुरी देऊन झाली, माल विकला गेला, आणि ग्रामकोषात रक्कम उरली. इथे गावाची खरी परीक्षा असते. पहिली सूचना नेहमी एकच येते: घरटी वाटून टाकू. दुसरी येते: मोठा सभामंडप बांधू. दोन्ही सूचना करणारी माणसं वाईट नसतात. कधी न मिळालेलं हातात आल्यावर माणसाला ते डोळ्यांना दिसावंसं वाटतं. पण मी सांगतो तो क्रम ग्रामसभेपुढे मांड. आधी पुढच्या हंगामाची मजुरी बाजूला, म्हणजे व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेवर अवलंबून राहावं लागणार नाही. मग जंगलाचं काम: जाळरेषा, राखण, रोपं. मग अडीअडचणीचा निधी. त्यातून उरलं तर वाटप.

पुढच्या हंगामाची मजुरी बाजूला ठेवणं इतकं का महत्त्वाचं, ते मोहफुलावरून कळेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून बायका मोह वेचतात, अंगणात वाळवतात, आणि आठवडी बाजारात जो भाव मिळेल त्याला देऊन टाकतात, कारण घरात त्याच आठवड्याला पैसा हवा असतो. पावसाळा लागला की तोच मोह त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घरी परत येतो. यात व्यापाऱ्याने कोणती जादू केली? त्याच्याकडे तीन महिने थांबायची ताकद होती, कोरडं गोदाम होतं, बस. ती ताकद एकेका घराकडे नाही, पण ग्रामकोषाकडे असू शकते. गावाने वेचणीच्या दिवसांत रोखीने मोह घेतला, वखारीत ठेवला आणि सावकाश विकला, तर त्या मधल्या फरकाचा पैसा गावात राहतो. गावाच्या मालकीचा धंदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्रं आणि कारखाना येतो. माझ्या मते सुरुवात एका कोरड्या वखारीने आणि तराजूने व्हावी. तिथे नफा झाला, हिशेब जमला, की मग पत्रावळीचं यंत्र घ्या, बांबूच्या वस्तूंचं करा. उलट्या क्रमाने केलेले उद्योग मी अनेक पाहिले. अनुदानातून आलेलं यंत्र प्लॅस्टिक न काढता समाजमंदिरात पडलेलं असतं.

तेंदूबद्दल मात्र मला तुला सावध करायचं आहे, आणि जरा सविस्तर. मे महिन्यातला हा पंधरा-वीस दिवसांचा हंगाम म्हणजे आपल्याकडच्या घरांचा वर्षातला सगळ्यात मोठा रोख पैसा. पहाटे अंधारात पानं तोडायला निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, मग म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळं घर सावलीला बसून सत्तर पानांचे पुडे बांधतं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर. हजार पुड्यांचा एक मानक बोरा. पूर्वी वनखातं तेंदूच्या जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करी आणि ठेकेदार येई. २०१३ मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतःचा तेंदू स्वतः विकायला काढला, २०१४ मध्ये राज्याचे पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याचे, नियम आले, आणि त्यानंतर ग्रामसभांची रांग लागली. मजुरीच्या जोडीला स्वामित्वधनाची रक्कमही गावाकडे येऊ लागली. चांगल्या वर्षी ती मजुरीइतकी, कधी जास्तही झाली.

पण भाव एका वर्षी आकाशाला भिडतो आणि पुढच्या वर्षी पडतो. भाव पडला की काही ठेकेदार माल उचलूनही पैसे थकवतात. एका गावाने एका ठेकेदारामागे किती फिरायचं? त्याचं कार्यालय परजिल्ह्यात, कधी परराज्यात. आणि काही गावांत ठेकेदाराने दोन-तीन पुढाऱ्यांना हंगामाआधीच खिशात घातलेलं असतं. निविदा निघते, ग्रामसभा भरते, ठराव होतो, सगळं कागदावर शुद्ध, आणि भाव शेजारच्या गावापेक्षा कमी. असं झालं की लोक "गावापेक्षा सरकार बरं होतं" म्हणायला लागतात, आणि हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण मिळालेला हक्क आतून पोखरला जातो तो असा.

याला उपाय आपल्याच जिल्ह्यातल्या कोरचीच्या लोकांनी काढला. तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, बोलणी एकत्र केली, नियम एकत्र ठरवले, आणि बायकांना तिथे नावापुरतं बसवलं नाही. व्यापाऱ्यासमोर एक गाव बसतं तेव्हा व्यापारी भाव सांगतो. पुष्कळ गावं बसतात तेव्हा त्याला भाव विचारावा लागतो. तुझ्या आजूबाजूच्या सचिवांना भेट, निदान एकमेकांचे करारनामे एकमेकांना दाखवा. कुठल्या गावाला काय भाव मिळाला हे सगळ्यांना कळलं, तरी अर्धं काम होतं.

आणि एक गाव असंही आहे, ज्याने तेंदू नाकारला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला, बांबूचा व्यवसाय त्यांनी नेटाने उभा केला. पण तेंदूसाठी जंगलात आग लावली जाते, नव्या फुटव्यासाठी झाडं छाटली जातात, झाड वाढत नाही, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत, पाखरांचं आणि माणसांचंही खाणं जातं, हे पाहून त्यांनी पानं तोडणंच बंद केलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाबद्दल फार आपुलकीने लिहिलं आहे. तुमच्या गावाने तेंदू सोडावा असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे तेवढा बांबू नाही. पण कोणताही कारखाना, कोणताही ठेकेदार, नफा समोर दिसत असताना असा निर्णय घेणार नाही. मालक गाव असेल तरच विक्रीला "नाही" म्हणता येतं, आणि ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच हो म्हणण्याला बाजारात किंमत मिळते.

तू इतिहासाची आवड असलेली पोरगी, म्हणून गोव्याचं एक उदाहरण सांगतो. तिथल्या गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगीजांच्या काळापासून कोमुनिदाद म्हणतात, त्या गावाच्या मालकीच्या धंद्याचं आपल्या भागातलं बहुधा सर्वांत जुनं उदाहरण. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गावची जमीन गावकऱ्यांच्या संस्थेची असे. शेतं ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला दिली जात. आलेल्या उत्पन्नातून आधी बांध, मानशी (बांधातली पाण्याची दारं), देवस्थान, गावचे कामगार यांचा खर्च निघे आणि उरलेली रक्कम गावकऱ्यांत वाटली जाई, तिला झोण म्हणतात. १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी या चालीरीती फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या, म्हणजे तेव्हाच ही व्यवस्था जुनी होती. खाऱ्या पाण्याला अडवून मिठागरं, भातशेती आणि मासळी एकाच जमिनीतून काढणारी खाजनं या संस्थांनी शतकानुशतकं राखली. भरतीचं पाणी रोखणारा बांध हा एका शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही. तो गावाचाच असू शकतो.

मग ती व्यवस्था क्षीण का झाली? कारणं पुष्कळ. वसाहतीच्या सरकारची ढवळाढवळ, मुक्तीनंतर १९६४चा कूळकायदा, जमिनीच्या चढत्या किमती. पण मला त्यात तुझ्या कामाचं वाटतं ते वेगळंच. तिथे मालकी जन्माने मिळे, मूळ घराण्यांच्या पुरुषांनाच मिळे, आणि गाव सोडून मुंबईला किंवा आफ्रिकेत गेलेल्यालाही मिळत राही. जो बांधावर चिखल टाकत होता तो पुष्कळदा गावकार, म्हणजे संस्थेचा सभासद, नव्हता, आणि जो गावकार होता तो बांधापासून दूर होता. बाई तर हिशेबातच नव्हती. आपल्या ग्रामसभेत गावात राहणारा प्रत्येक प्रौढ माणूस बसतो, बाई बसते, भूमिहीन बसतो, काल सून म्हणून आलेली मुलगीही बसते. ही आपली जमेची बाजू आहे आणि ती कागदावरच राहण्याचा धोका रोजचा आहे. म्हणून एक पाहा: ग्रामसभेची वेळ कोणाच्या सोयीची आहे? सकाळी अकराला ठेवली तर मजुरीला गेलेले येणार नाहीत. रात्री दहाला ठेवली तर बायका येणार नाहीत.

बाहेरच्या देशांतही हा खटाटोप चालू आहे. इंडोनेशियाने २०१४ मध्ये गावांचा कायदा केला आणि गावाच्या मालकीच्या संस्थांना त्यात पक्की जागा दिली. जावा बेटावर क्लातेन जिल्ह्यात पोंगोक नावाचं गाव आहे. त्याने आपल्या नैसर्गिक झऱ्याचा तलाव पर्यटनासाठी खुला केला, लोक पाण्याखाली फोटो काढायला येतात, आणि त्या उत्पन्नावर गाव श्रीमंत झालं. त्याच देशात अशा पुष्कळ संस्था नुसत्या नोंदणीपुरत्या राहिल्या. पोंगोकची संस्था मात्र २००९ची, कायद्याच्या आधीची. मेंढ्याची सर्वसहमतीही वनहक्क कायद्याच्या आधीची. वरून आलेल्या कायद्याने दार उघडतं. घरात माणसं आधीपासून बसती-बोलती असावी लागतात.

आता तुझ्या वह्यांबद्दल, कारण तू कामाला लागणार आहेस. ग्रामसभेच्या नावाचं पॅन कार्ड आणि स्वतंत्र बँक खातं आहे की नाही हे आधी पाहा. ग्रामपंचायतीच्या पैशात हा पैसा कधीही मिसळू देऊ नकोस, ती वेगळी संस्था आहे. खात्यावर सह्या करणाऱ्यांत एक बाई असावी आणि चेकबुक एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे असावा. विक्रीवरचे कर कोणी कापायचे, कोणी भरायचे, त्याचा कागद गावाला कधी द्यायचा, हे करारातच लिहून घे. गावाच्या नावाने कर भरला गेला आणि त्याचा कागद नसला, तर पुढे नोटिसा येतात आणि लोक घाबरतात. दरवर्षी सनदी लेखापालाकडून तपासणी करून घे, त्याची फी द्यायला कचरू नका. आणि तूही मानधन घे. गावाचं काम फुकट करावं असं तुला पटवणारे भेटतील. फुकट काम करणारा माणूस दोन वर्षांत थकतो किंवा वेगळी वाट शोधतो, दोन्ही गावाला महाग पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिशेब वाचून दाखव. फळ्यावर लावणं पुरत नाही, निम्म्या लोकांना तो वाचता येत नाही आणि उरलेल्यांपैकी निम्मे वाचत नाहीत. महिन्यातून एकदा, लोक बसलेले असताना, मोठ्याने, रुपया-रुपयाने: अमुक तारखेला अमुक व्यापाऱ्याकडून इतके आले, अमुक कामाला इतके गेले, खात्यात इतके आहेत. मराठीत वाच, मग गोंडीत कोणाला तरी सांगायला लाव. पहिल्या वेळी कोणी काही विचारणार नाही. दुसऱ्या वेळी एखादी म्हातारी विचारेल, "गाडीभाडं इतकं कसं?" त्या प्रश्नाचा राग मानू नकोस आणि समितीतल्या कोणाला मानू देऊ नकोस. बिल काढ, दाखव. बिल नसेल तर नाही म्हणून सांग आणि पुढच्या वेळी आण. तोटा झाला असेल तर तोही त्याच आवाजात वाच. ज्या गावात तोटा वाचून दाखवला जातो, तिथे अफवा पिकत नाहीत.

ताईला सांग, बांबू मोजणं हे बी.कॉम.चंच काम आहे. बँकेत आम्ही गावांना कर्ज देत असू आणि तारण मागत असू. आज तुझ्या गावाकडे हजारो बेटं उभी आहेत, टीपीचं पुस्तक आहे, आणि आकडा लिहिणारी मुलगी गावातलीच आहे. माझ्या नोकरीच्या दिवसांत असा अर्जदार माझ्या टेबलासमोर आला असता तर मी उठून उभा राहिलो असतो.

तेंदूच्या निविदेचा मसुदा मार्चच्या आत मला पाठव. अनामत रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय माल उचलू न देण्याचं कलम, ही तीन कलमं आधी बघायची आहेत. कोरचीच्या लोकांचा करारनामा मिळाला तर त्याची प्रत सोबत जोड. ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा